सापांचा घागरा, पिसांचा गोळा: मेक्सिकोतल्या देव्यांवरून वस्तू घडवताना

मेक्सिकोतल्या जुन्या आईदेव्यांवरून घरात वापरायच्या चार वस्तू करायच्या आणि त्या रीतसर विकायच्या, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यात जवळपास दीड वर्ष गेलं. मातीपेक्षा जास्त वेळ कागदांनी खाल्ला, आणि कागदांपेक्षाही जास्त "हे आपण करावं का?" या प्रश्नाने. आता सगळं मार्गी लागल्यावर परदेशात राहून असंच काही करू बघणाऱ्या मराठी मुलींचे मेसेज येतात. दर वेळी तेच उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. फीचे आकडे माझ्या वेळचे आहेत, जाण्याआधी तपासून घ्या. हिशोबाला एक पेसो म्हणजे तेव्हाचे साधारण साडेचार-पाच रुपये धरा.

मी मूळची नाशिकची, प्रॉडक्ट डिझाइन शिकले पुण्यात. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०२१ मध्ये मेक्सिको सिटीत आलो. माझं रेसिडेन्सी कार्ड त्याच्या कार्डाच्या आधारावर निघालेलं, म्हणजे राहायची मुभा होती, कमवायची नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुलगी झाली, सिझेरियनने. या देशात निम्म्याच्या आसपास बाळंतपणं अशीच होतात, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, पण सांगणार कुणाला?

आई नाशिकहून आली होती. आपल्याकडे सव्वा महिना, इथे चाळीस दिवस; नियम जवळपास तेच. शेजारच्या सेन्योरा रोज गावठी कोंबडीचं पाणी आणून द्यायच्या. त्या स्पॅनिशमध्ये बोलायच्या, आई मराठीत, आणि गार पाणी, वारा, पोटाचा पट्टा या तिन्ही बाबतींत दोघींचं माझ्याविरुद्ध एकमत. सेन्योरांकडूनच मी पहिल्यांदा तेमास्कालबद्दल ऐकलं. बुटकी घुमटी, आत तापलेले दगड, त्यांच्यावर पाणी ओतून वाफ. बाळंतिणीला पूर्वी तिथे न्यायचे, आणि त्या वाफेची मालकीण होती तोसी नावाची आजीदेवी. आईला हे लगेच पटलं. तिच्या शेक-शेगडीला इथे एक जुनी देवी पाठीशी मिळाली होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आई परत गेली आणि मी मुलीला बाबागाडीत घालून घराबाहेर पडायला लागले. शहरातल्या चापुल्तेपेक उद्यानातलं मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय ही बाबागाडीला सोयीची जागा आहे: सपाट फरश्या, मधलं मोठं अंगण, भरपूर सावली. सोमवारी बंद असतं. रविवारी इथल्या रहिवाशांना तिकीट नव्हतं, पण कार्ड जवळ लागतं आणि गर्दी फार. तान्हं बाळ असेल तर मंगळवारी सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि तिकिटाचे पैसे खुशाल द्या. फोटो काढू देतात, फ्लॅश आणि ट्रायपॉड मात्र चालत नाही.

मेशिकांचं, म्हणजे ज्यांना आपण आझ्टेक म्हणतो त्यांचं, दालन अंगणाच्या अगदी टोकाला आहे. तिथे कोआत्लिक्वे उभी आहे. आईदेवी म्हटल्यावर मी मांडीवर बाळ घेतलेलं कुणीतरी शोधत होते. समोर आली अडीच मीटर उंचीची शिळा. तिला डोकं नाही. कापलेल्या मानेतून दोन साप वर येतात, समोरासमोर तोंड करतात आणि त्या दोघांचा मिळून एक चेहरा होतो. गळ्यात माणसांचे पंजे आणि हृदयं ओवलेली माळ, माळेच्या मधोमध कवटी. पायाला नख्या. कमरेखाली एकमेकांत विणलेल्या सापांचा घागरा. आणि माळेच्या मागे, सहज नजरेत न भरणारे, खाली ओघळलेले स्तन. पाजून पाजून रिकामे झालेले. मी त्या दिवशी रात्रभर जागून आले होते. बाकी सगळं सोडून मी तेवढंच बघत राहिले.

या मूर्तीचा इतिहासही जाणण्यासारखा आहे. १३ ऑगस्ट १७९० रोजी शहराच्या मुख्य चौकात फरसबंदी आणि गटारांचं काम चालू असताना ती सापडली. विद्यापीठात नेऊन ठेवली, तर लोक फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येऊ लागले. मग तिला परत पुरली. १८०३ मध्ये जर्मन संशोधक हुम्बोल्ट आला तेव्हा त्याला दाखवायला उकरली आणि पुन्हा पुरली. जवळपास पावणेतीनशे वर्षांच्या स्पॅनिश राजवटीनंतरही लोक तिला विसरले नव्हते, याचीच राज्यकर्त्यांना भीती.

तिची कथा थोडक्यात अशी. कोआत्लिक्वे कोआतेपेक डोंगरावर झाडलोट करत असते. वरून पिसांचा एक गोळा पडतो. ती तो उचलून पोटाशी खोचते, आणि तिला दिवस जातात. थोरली मुलगी कोयोल्शाउकी आणि तिचे चारशे भाऊ आईला मारायला निघतात. ऐन वेळी वित्सिलोपोच्त्ली शस्त्रांसकट जन्माला येतो, बहिणीचं मुंडकं उडवतो, आणि तिचं धड डोंगरावरून गडगडत तुकडे तुकडे होऊन खाली येतं. मुलगा आईला वाचवतो, पण त्याची किंमत मुलगी देते. मी वाचलेल्या कथेत त्यावर आई एक शब्दही बोलत नाही. माझ्या कडेवर मुलगी होती, आणि त्या गप्प राहण्याने माझी बरीच झोप घालवली.

ती मुलगीही शहरात आहे. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीच्या कामगारांना सोकालोजवळ, म्हणजे त्याच मुख्य चौकाजवळ, खणताना सव्वातीन मीटर व्यासाची गोल शिळा लागली. तिच्यावर कोयोल्शाउकी, हातपाय तोडून पसरलेली. त्या शोधामुळेच पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या देखरेखीखाली तेम्प्लो मायोरचं, म्हणजे मेशिकांच्या मुख्य मंदिराचं, मोठं उत्खनन झालं. तिथल्या संग्रहालयात ती वरच्या मजल्यावरून खाली बघता येते, आणि तशीच बघा, जवळून ती कळत नाही. वरून तिच्या पोटावरच्या वळ्या स्पष्ट दिसतात. ती स्वतः बाळंत झालेली बाई होती, असा त्यांचा अर्थ लावतात. टाक्यांच्या वर लोंबणारं माझं पोट मी तोवर आरशात बघायचं टाळत होते. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी तेच पोट दगडात, इतकं मन लावून कोरून ठेवलं होतं.

वस्तूंची कल्पना तिथून आली. वही भरायला लागली.

मे महिन्यापासून शहराच्या कोयोआकान भागातल्या एका सिरॅमिक वर्कशॉपला जाऊ लागले. आठवड्यातून एक सकाळ, महिन्याला १,८०० पेसो, भट्टीचे वेगळे. मुलीला सांभाळायला सेन्योरांची भाची, तिचे तासाला ८० पेसो. तिथल्या शिक्षिकेने पहिल्याच महिन्यात माझं एक रेखाचित्र बाजूला काढलं. उकिडवी बसून दात विचकत बाळाला जन्म देणारी त्लासोल्तेओत्ल देवी तुम्ही इंटरनेटवर पाहिली असेल. आईपण आणि आझ्टेक असं शोधलं की तीच आधी येते. ती मूर्ती वॉशिंग्टनच्या डंबर्टन ओक्स संग्रहालयात आहे, आणि तिच्यावरच्या कोरीवकामाच्या खुणा तपासून ती एकोणिसाव्या शतकात घडवलेली असावी असं संशोधकांनी मांडलंय. त्याच देवीचं बाळंत होतानाचं खात्रीचं चित्र हवं असेल तर ते कोदेक्स बोर्बोनिकस या जुन्या चित्रपोथीत आहे, डोक्याला कापसाची पट्टी आणि चात्या खोचलेलं. दागिने, टॅटू, पोस्टर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. सगळ्यात लोकप्रिय चित्र सगळ्यात जुनं असेलच असं नाही.

मूळ मजकुरासाठी फ्लोरेंटाइन कोदेक्सला पर्याय नाही. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन साधूने नाहुआ (मेशिका ज्यांच्यातले, त्या लोकांच्या) जाणत्यांकडून आणि लेखकांकडून लिहून घेतलेले ते बारा ग्रंथ आता गेटी संस्थेने चित्रांसकट फुकट ऑनलाइन ठेवले आहेत, ऑक्टोबर २०२३ पासून. मुलगी झोपली की मी ते वाचायचे. सहाव्या ग्रंथात सुइणीची भाषणं आहेत. बाळंतपण म्हणजे लढाई, बाळ म्हणजे पकडून आणलेला कैदी, आणि बाळ बाहेर आलं की सुईण रणगर्जना करते. आमच्या हॉस्पिटलात त्या क्षणाला रेडिओवर फुटबॉल चालू होता, तेव्हा तुलना करायला नको.

त्याच कोदेक्समध्ये मला माझी आवडती गोष्ट सापडली. सिवाकोआत्ल ही सुइणींची देवी. ती पाठीवर पाळणा घेऊन बाजारात येते, बायकांच्या गर्दीत तो ठेवते आणि नाहीशी होते. बराच वेळ झाला, ही बाई येईना, म्हणून कुणीतरी आत डोकावतं. पाळण्यात बाळ नसतं, गारगोटीचं पातं असतं.

हे वाचून माझी पहिली वस्तू ठरली: पाळण्याच्या आकाराचं छोटं तबक, ज्यात बाळाची नखं कापायची कात्री, थर्मामीटर, सेफ्टी पिना पडून राहतील. ज्या बाईने तान्ह्या बाळाची नखं एकदा तरी कापली आहेत तिला पाळण्यातल्या पात्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी वस्तू पिसांचा गोळा: मातीचा खुळखुळा. तिसरी कोयोल्शाउकीच्या पोटाच्या वळ्या काठाला असलेला वाडगा. चौथी सापांच्या घागऱ्याच्या विणीची जाळी असलेला रात्रीचा दिवा, पाजताना लागतो तेवढाच उजेड देणारा.

एक मोह आवरला, तोही सांगते. आपल्या तेरच्या लज्जागौरीलाही डोकं नाही, मानेच्या जागी कमळ आहे. माहूरला रेणुकेचं उलट, तिथे फक्त मुख पुजतात. वहीत कमळ आणि साप एकत्र छान दिसत होते. पण दोन गावच्या देव्या नुसत्या साम्यावरून एका दिव्यावर बसवल्या की दोन्हींचं नक्षीकाम होऊन जातं. ते पान मी फाडलं नाही, पण वापरलंही नाही.

आता माती. इथल्या पारंपरिक झिलईच्या भांड्यांत ग्रेता वापरतात, म्हणजे शिशाची झिलई. कमी आचेवर चकाकी येते आणि लाकूड वाचतं, म्हणून ती टिकून आहे. पण त्या भांड्यातून आंबट काही खाल्लं की शिसं पोटात जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात वाईट. त्यावर नोम-२३१ नावाचं सरकारी मानक आहे, आणि शिसं नसलेल्या भांड्यांवर बरेच कारागीर तसं लिहितात. बाळाच्या आसपास राहणाऱ्या वस्तू करायच्या म्हटल्यावर झिलईच नको, हे मी ठरवून टाकलं. झिलईशिवाय चमक देणारी माती म्हणजे वाहाका राज्यातल्या सान बार्तोलो कोयोतेपेकची काळी माती.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही तिघं वाहाकाला गेलो. मेक्सिको सिटीहून बसने सहा-सात तास. रात्रीची बस घ्या, बाळं झोपतात. वाहाका शहरातून कोयोतेपेक बारा किलोमीटर, शेअर टॅक्सीने जाता येतं. गावात आधी लोककलेचं राज्य संग्रहालय बघा, म्हणजे कुठल्या घराचा हात कसा आहे हे कळतं. मग दारोदार फिरा. घाई करू नका, आणि फोनवर चित्रं दाखवून "असं करून द्याल का?" हे पहिलं वाक्य असू देऊ नका.

ज्या माएस्त्रांकडे, म्हणजे उस्ताद कुंभारबाईंकडे, माझं काम झालं त्या साठीच्या. त्यांनी माझी वही बघायच्या आधी मुलगी किती महिन्यांची, दूध पुरतं का, हे विचारलं. मग अंगणात बसवून काम दाखवलं. कोयोतेपेकचं चाक म्हणजे दोन बशा. एक जमिनीवर पालथी, तिच्यावर दुसरी उताणी, आणि उताण्या बशीत मातीचा गोळा. डाव्या हाताने बशी फिरवत उजव्या हाताने भांडं वर चढवायचं. ना पट्टा, ना मोटर. भांडं अर्धवट सुकलं की ओलसर हात फिरवून गारगोटीच्या गुळगुळीत खड्याने घासायचं. दगड पुढे सरकतो तशी मागे राखाडी मातीवर ओलसर चमक उमटत जाते, आणि जिथे दाब कमी पडला तिथली रेघ भट्टीनंतरही दिसते. ही घासण्याची युक्ती रोसा रेआल, म्हणजे सगळ्यांच्या दोन्या रोसा, यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला रूढ केली. आधी इथली भांडी करडी असायची, पाणी आणि मेस्काल ही इथली दारू ठेवायला. चमकणारं काळं भांडं कमी आचेवर भाजतात, शेवटी भट्टीची तोंडं चिखलाने बुजवतात, आत धूर कोंडतो आणि माती काळी होते. त्याची किंमत अशी की चकचकीत भांड्यात पाणी टिकत नाही, झिरपतं. माझा वाडगा म्हणूनच कोरड्या वस्तूंचा झाला. विकताना हे तोंडाने सांगायचं आणि चिठ्ठीवरही लिहायचं. गिऱ्हाईक त्यात सूप ओतणारच.

खुळखुळ्याने सगळ्यांत जास्त शिकवलं. पोकळ गोळ्याला भोक नसेल तर आतली हवा तापून तो भट्टीत फुटतो, आणि शेजारच्या चार वस्तू घेऊन जातो. आतल्या मातीच्या गोळ्या ओल्या भिंतीला चिकटू नयेत म्हणून त्या आधी सुकवून कागदात गुंडाळून टाकतात. कागद भट्टीत जळतो, गोळ्या सुट्या होतात. पिसांचा पोत द्यायला मी काय काय नेलं होतं: ब्रश, कंगवे, लाकडी ठसे. माएस्त्रांनी अंगठ्याचं नख घेतलं आणि गोळ्यावर एकामागून एक चंद्रकोरी दाबत गेल्या. पिसं झाली. माझी हत्यारं पिशवीत परत. बाळाच्या हातात मात्र हा खुळखुळा देऊ नये, फुटला तर धारदार कपच्या निघतात. मी तो मोठ्यांची वस्तू म्हणूनच विकते, आणि आमच्या घरी तो वरच्या फळीवर असतो.

पाचवी वस्तूही माझ्या वहीत होती. पहिल्या बाळंतपणात मेलेल्या बायकांना मेशिका लोक सिवातेतेओ म्हणून देवपण देत. सूर्याला माथ्यावरून मावळतीपर्यंत पोचवण्याचं काम त्यांचं, मान रणात पडलेल्या योद्ध्यांच्या बरोबरीचा. ठरावीक दिवशी त्या चौरस्त्यांवर उतरत आणि पोरांना धरत, म्हणून त्या दिवशी मुलांना घरात ठेवत. व्हेराक्रूझमधल्या एल सापोतालला सापडलेल्या त्यांच्या भाजक्या मातीच्या मोठ्या मूर्ती हालापाच्या संग्रहालयात आहेत. माझ्या आजीच्या तोंडी अशाच बायांची अळवंतीण व्हायची, तिला मान नव्हता, फक्त भीती. मला त्यांच्यासाठी पश्चिमेच्या खिडकीत ठेवायची मेणबत्तीची ठाणवई करायची होती. माएस्त्रांनी चित्र बराच वेळ बघितलं, वही बंद करून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मीहा (पोरी), माझी बहीण तशीच गेली." मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. संच चार वस्तूंचाच राहिला. डिझाइनच्या कॉलेजात आम्हाला प्रेरणा कुठून घ्यायची हे खूप शिकवलं, कुठे थांबायचं हे क्वचितच.

पैशांचं स्पष्ट बोलून घ्या, नंतर अवघड जातं. आमचा व्यवहार असा: अर्धे पैसे आगाऊ, भाव त्यांनी सांगायचा, मी घासाघीस करायची नाही. वाडग्याचे ३००, तबकाचे २५०, खुळखुळ्याचे १८०, दिव्याचे ८०० पेसो. भट्टीत फुटलेल्या वस्तूंचे निम्मे पैसे मी देणार. पहिल्या भट्टीत दिव्यांची जाळी बरीच तडकली, मग आम्ही जाळीची भोकं मोठी केली आणि काठ जाड ठेवला. नंतरची भट्टी बरी निघाली.

आता कागदपत्रं, ज्याच्यासाठी तुमच्यापैकी निम्म्या जणी हे वाचताय.

प्राचीन मूर्तींची नक्कल. मेक्सिकोत १९७२ चा स्मारकांचा कायदा आहे. त्याच्या १७ व्या कलमानुसार पुरातन वस्तूंच्या प्रतिकृती धंद्यासाठी करायच्या तर संबंधित संस्थेची, म्हणजे पुरातन वस्तूंसाठी इनाहची (मानववंशशास्त्र आणि इतिहासाची राष्ट्रीय संस्था), परवानगी लागते. हस्तकारागिरीला त्यात वेगळी वाट आहे. मी चित्रं घेऊन एका वकील बाईंकडे गेले, सल्ल्याचे १,५०० पेसो घेतले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बघताक्षणी "ही संग्रहालयातली ती शिळा" असं ओळखू येत असेल तर परवानगीच्या मागे लाग, तुझ्या वाडग्याला नुसत्या वळ्या आहेत, ती नक्कल नाही. त्यांनी दुसरीही गोष्ट वाचायला लावली. जानेवारी २०२२ पासून मूलनिवासी समुदायांच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा लागू आहे, आणि त्यात त्या समुदायाच्या संमतीला महत्त्व आहे. एखाद्या गावाची ओळख असलेली नक्षी उचलून कारखान्यात छापणाऱ्या मोठमोठ्या फॅशन कंपन्यांना सरकारने त्याआधीच जाब विचारलेला होता. कोयोतेपेकची माती, कोयोतेपेकचं चाक, आणि नाव माझं एकटीचं, हे मला तसंही पटत नव्हतं.

कमवायची परवानगी. कुटुंबाच्या आधारावरच्या तात्पुरत्या कार्डावर काम करायचं तर इमिग्रेशनकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते. पण मुलगी इथे जन्मली म्हणजे ती जन्माने मेक्सिकन, आणि मेक्सिकन मुलाच्या आईवडिलांना कायमची रेसिडेन्सी मागता येते. त्या कार्डावर कामाची परवानगी आपोआप असते. सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही अर्ज केला. मुलीचा जन्मदाखला (ताजी प्रत काढा), पासपोर्ट, जुनं कार्ड, ऑनलाइन भरलेला फॉर्म आणि फी. सगळं धरून माणशी आठ हजार पेसोंच्या आसपास. सकाळी लवकर जा, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या, पाण्याची बाटली आणि डायपरची पिशवी विसरू नका. बाळ कडेवर असलं की पोलिसदादा रांगेतून पुढे बोलावतात, लाजू नका. आणि बाळाची भारतीय नोंदणी करायची असेल तर ती आधी उरका. दूतावासात जन्मापासून एक वर्षाच्या आत करायची असते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं.

टॅक्स नंबर. नवं कार्ड मिळाल्यावर साटमध्ये, म्हणजे इथल्या आयकर खात्यात, आरएफसी काढायचा. वेळ ऑनलाइन घ्यायची. जवळ तारीख नसेल तर आभासी रांगेत नाव लावायचं आणि ईमेलवर लक्ष ठेवायचं, स्पॅमसकट. भाडेकरार, विजेचं बिल, कार्ड, आणि इलेक्ट्रॉनिक सहीसाठी पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह नसलेली माणसं रांगेतून धावत कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना मी पाहिली आहेत, तिथे तो दुप्पट भावाला मिळतो. माझ्यासारख्या छोट्या उलाढालीला रेसिको नावाची सोपी पद्धत आहे: वर्षाला ३५ लाख पेसोंपर्यंतच्या उत्पन्नाला एक ते अडीच टक्के आयकर. विक्रीवरचा १६ टक्के कर निराळा. दर महिन्याच्या १७ तारखेपर्यंत विवरण भरायचं, विक्री शून्य असली तरी.

कॉपीराइट. मेक्सिको सिटीच्या रोमा भागात इंदाउतोर हे त्याचं ऑफिस आहे. आरपीडीए-०१ हा फॉर्म, वस्तूंचे फोटो दोन प्रतींत, आणि साडेतीनशेच्या आसपास पेसो. सहनिर्माती म्हणून माएस्त्रांचं नाव घातलं. त्यासाठी त्यांची सही आणि ओळखपत्राची प्रत लागली, त्यामुळे मार्चमध्ये पुन्हा वाहाकाला जाणं झालं. त्यांना हे सगळं जरा जास्तच वाटलं. "माझं नाव तर भांड्याखाली असतंच," म्हणाल्या. पण सही केली, आणि मुलीला मक्याची खीर पाजून पाठवलं.

विक्रीची तारीख ठरवायला डोकं चालवावं लागलं नाही. इथे मातृदिन वार कुठलाही असो, १० मेलाच असतो. १९२२ मध्ये एका वर्तमानपत्राच्या मोहिमेतून तो सुरू झाला. त्या दिवशी शाळा, ऑफिसं, हॉटेलं, सगळं आईमय. २०२४ मध्ये तो शुक्रवारी आला. शनिवार-रविवारच्या एका छोट्या बाजारात मी टेबल घेतलं, दोन दिवसांचे १,२०० पेसो. वाडगा ६५०, तबक ५२०, खुळखुळा ३८०, दिवा १,६००. कार्ड स्वाइपचं छोटं मशीन न्या, रोख कमी लोक देतात. मशीन बाळाच्या हाती लागू देऊ नका.

गुलाबी रिबिनींच्या बाजारात काळ्या वस्तू मांडून बसल्यावर पहिला तासभर लोक लांबूनच गेले. मग एक बाई थांबल्या, माझ्या आईच्या वयाच्या. वाडगा उचलला, काठावरच्या वळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "पोट. बाळंतपणानंतरचं. कोयोल्शाउकीचं." त्या हसल्या, स्वतःच्या पोटावर थोपटलं आणि दोन घेतले, एक सुनेला. दिवे फारसे गेले नाहीत, महाग पडतात. तबकं संपली, त्यातली पाळण्याची गोष्ट सांगितली की बायका मान हलवायच्या, पुरुष थोडे मागे सरकायचे.

नोंदणीचं प्रमाणपत्र जूनमध्ये मिळालं. त्याची एक प्रत कोयोतेपेकला पाठवली. हिशोब मांडला तर मातीचे, प्रवासाचे आणि फीचे पैसे साधारण वसूल झालेत, माझ्या वेळेचे नाहीत. भारतात नेताना वस्तू केबिन बॅगेत घेते, कपड्यांत गुंडाळून, आणि प्रत्येकीसोबत माएस्त्रांच्या हातचं बिल ठेवते, त्यावर "आजची हस्तकला" असं लिहून घेतलेलं. जुन्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंबद्दल विमानतळावर विचारणा झाली तर हातात कागद असलेला बरा. पुढच्या खेपेला दिव्याचा आकार लहान करणार आहोत, म्हणजे भट्टीत जास्त मावतील आणि किंमत हजाराच्या खाली येईल. माएस्त्रांचं मत आहे की जाळीतले साप अजून जरा जाड हवेत.